नाव घेऊन मारलेली हाक

नाताळाला शेजारून दोदोल आणि बेबिंका येते, चवथीला आपल्याकडून नेवऱ्या जातात. गोव्यात हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे कौतुक वाटेनासे झाले आहे. ईस्टर मात्र आपल्या दारावरून मुकाट्याने निघून जातो. गुड फ्रायडेची सुटी आपण घेतो, काजूच्या बागेत जाऊन येतो आणि रविवारी काय झाले हे विचारत नाही. वास्तविक ख्रिस्ती वर्षातला सर्वांत मोठा सण तोच. ख्रिस्त उठलाच नसेल तर आपली श्रद्धा फुकट, असे संत पॉलने करिंथकरांना सरळ लिहून टाकले होते.

काहीजण म्हणतात, ईस्टर म्हणजे वसंताचा उत्सव, अंडे फुटते, पान फुटते. युरोपात ते शोभते. आमच्याकडे त्या दिवसांत विहिरी आटायला लागलेल्या असतात आणि घामाने जीव नकोसा होतो. सृष्टी पुन्हा हिरवी होते म्हणून माणूस उठतो, हे इथे पटणे कठीण. मूळ कथाही ऋतूची नाहीच. ती एका माणसाची आहे.

मी कारकून आहे. काही वर्षे जन्ममृत्यूच्या नोंदींच्या टेबलावर काढली. तिथे एक म्हातारी बाई मुलाच्या दाखल्यात एक अक्षर दुरुस्त करून घेण्यासाठी तीन खेपा घालून गेली. मालमत्तेचा प्रश्न नव्हता, पेन्शनचा नव्हता. ‘‘आता काय फरक पडतो?’’ असे सहकाऱ्याने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘‘नांव ताचें न्हय रे?’’

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा घरी सगळे गीतेचा दाखला देत होते. आत्मा मरत नाही, जुने वस्त्र टाकून नवे घेतो. मी हे लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्याला खोटे म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. पण खरे सांगतो, त्या दिवसांत मला आत्म्याशी काही देणेघेणे नव्हते. मला तीच हवी होती. तिच्या मनगटावर चुलीच्या चटक्याचा डाग होता, तो डागसुद्धा हवा होता. वस्त्र म्हणून जे टाकायचे, त्याच्यावरच तर आमची माया बसलेली असते.

पुढे योहानाचे शुभवर्तमान वाचले ते कुतूहलापोटी. विसाव्या अध्यायात मारिया माग्दालेना रिकाम्या कबरीपाशी रडते आहे. समोर उभा असलेला येशू तिला ओळखू येत नाही, तिला तो माळी वाटतो. तो तिचे नाव घेतो आणि ती वळते. त्याच अध्यायात थॉमसला जखमा दाखवल्या आहेत. मरण जिंकून आलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच! देवाने त्या पुसून का टाकल्या नसतील? मला यातच त्या श्रद्धेचे सामर्थ्य दिसते. दुःख झालेच नाही असे ती म्हणत नाही. ज्याला ते झाले, तोच माणूस, त्याच नावाने, त्या खुणांसकट राखला जातो असे म्हणते.

ईस्टरच्या आदल्या रात्री इगर्जीत काळोख करून नवा विस्तव पेटवतात आणि त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे बसवलेले असतात. रोज कागदावर तारीख घालणाऱ्या माझ्यासारख्याला ते आकडे फार जवळचे वाटले.

इथे कोणी मला इतिहासाची आठवण करून देईल. द्यावीच. साष्टीतली देवळे कोणी पाडली, इन्क्विझिशन १५६० साली गोव्यात कसे आले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. उठलेल्या देवाच्या नावाने लोकांना गाव सोडायला लावणारी सत्ता तीच श्रद्धा सांगत होती, ही बोच मलाही आहे. पण त्याच साष्टीत फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने आपल्या मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. पुराणे हिरावली गेलेल्या माणसांना पुनरुत्थानाची कथा पुन्हा ओवीतूनच ऐकावीशी वाटली. सत्तेचा हिशेब वेगळा मांडावा, त्या ऐकणाऱ्यांचा वेगळा.

कबर खरोखर रिकामी होती का, या वादात मी पडत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाची चौथ्या शतकातली दोन जुनी हस्तलिखिते तर, बायका घाबरून पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच थांबतात. विजयाची कथा रचणारा असा शेवट ठेवणार नाही, असे आपले मला वाटते. पुरावा म्हणून ते कोणाच्या गळी उतरवणार नाही.

मी काही धर्म बदललेला नाही. म्हाळाच्या दिवशी भटजी बहिणीचे नाव आणि गोत्र विचारतात, ते सांगतो. गोत्र पूर्वीसारखेच पुटपुटतो. नाव मात्र हल्ली जरा मोठ्याने घेतो, अंगणापलीकडे कोणी असेल तर ऐकू जावे इतपत.