लाइट दुरुस्त करा, हावरेपणा नको!

घोडेगाव म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, म्हशींचा बाजार आणि कांदा. समुद्राशी आमचा संबंध कोकण ट्रिपच्या फोटोंपुरता. तरी आमच्या गल्लीत एक समुद्र आहे. माझ्या मावसभावाच्या खोलीत दोन फुटी काचेची टाकी, जेमतेम 50 लिटर खारं पाणी, दोन क्लाउनफिश आणि दगडाला चिकटलेले चार-पाच मऊ मश्रूम कोरल. आज्जी त्याला 'दादाचा मिठाचा हौद' म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला, "लाइट गेली." आमच्याकडे हे वाक्य रोजचंच, त्यामुळे मी लक्षच दिलं नाही. मग कळलं, घरातली लाइट आहे, टाकीवरचा एलईडी लाइट गेलाय. म्हणजे पांढरे दिवे सुरू, निळे बंद. त्याआधी दोन-तीन आठवडे ते मंद झाले होते म्हणे. दादाने लगेच ऑनलाइन नवा लाइट शोधला. किंमत 14,000 रुपये! "आता अपग्रेडच करून टाकू," म्हणाला.

इथे थोडं विज्ञान सांगायलाच हवं. पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते, पण कोरल हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाण्यात लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा खोलवर पोहोचतो. म्हणून या शैवालाला निळा प्रकाश चांगला मानवतो. थोडक्यात, दादाच्या टाकीत दिवे गेले नव्हते, जेवण गेलं होतं.

आम्ही तो लाइट बाजारपेठेत मोटार-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी आयुष्यात कोरल पाहिलेला नव्हता, पण खोललं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "आरं, पंख्यात मीठ बसलंय की!" खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात, पाणी सुकतं, मीठ उरतं. पंखा जाम झाला, लाइट तापला आणि निळ्या दिव्यांना करंट देणारा ड्रायव्हर गेला. एलईडी शाबूत होते. काकांनी तेवढ्याच करंटचा आणि व्होल्टेजची रेंज जुळणारा ड्रायव्हर टाकला, पंखा साफ केला. खर्च 350 रुपये.

खरी चूक पुढे आमच्याकडून झाली. खुशीत येऊन दादाने लाइट थेट 100 टक्क्यांवर लावला. दुसऱ्या दिवशी मश्रूम आक्रसून सुपारीएवढे झाले. कित्येक दिवस अंधुक उजेडात राहिलेल्या जिवावर आपण एकदम भर दुपार ओतली, हे लक्षातच आलं नाही. प्रकाश अचानक वाढला की कोरल ताणाखाली येतो, आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. आम्ही 40 टक्क्यांवर आलो आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवत नेलं. दिवसाला आठ तास, टायमर लावून. मश्रूम परत फुलले.

आता मुद्द्याचं. लाइट नीट झाल्यावर दादाला व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. अॅक्रोपोराचा तुकडा, जांभळ्या टोकांचा, एकदम भारी. विकणारा म्हणे, "कागद मागू नका, कुरिअरची गॅरंटी." अॅक्रोपोरा म्हणजे कठीण सांगाडा बांधणारा कोरल. त्याला मश्रूमच्या दुप्पट-तिप्पट प्रकाश लागतो. म्हणजे पुन्हा तो 14,000चा लाइट!

माझं मत इथे ठाम आहे. आपल्या देशात छोट्या टाकीसाठी लाइटची ही शर्यत बिनकामाची आहे. कारण ज्या कोरलसाठी ते महागडे लाइट लागतात, ते आपण ठेवूच शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारे सगळे कठीण कोरल 2001पासून आहेत. त्याच अनुसूचीत वाघही आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. समुद्रपंखा, काळा कोरल, फायर कोरल हेही त्यातच. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे कोरल मध्ये आले, तेव्हा 2020मध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते हलवावे लागले. महापालिकेला जे असंच उचलता आलं नाही, ते आपण कुरिअरने मागवायचं?

दादाचा युक्तिवाद होता, "हा समुद्रातून तोडलेला नाही, टाकीत वाढवलाय." असेलही. पण फोटोवरून ते कळत नाही, आणि कागद नसलेला विक्रेता खरं सांगेल याची काय खात्री? टाकीत कोरल वाढवणाऱ्यांसाठी सोपी, स्पष्ट, नोंदणीची वाट असावी, असं मलाही वाटतं. त्यासाठी बोलूया, लिहूया. ती वाट होईपर्यंत चोरवाटेने जाणं मात्र पटत नाही. 2024च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. तापलेल्या समुद्रात कोरल पांढरे पडतायत, आणि आम्ही इकडे जांभळं टोक की हिरवं टोक यावर भांडतोय.

मग ज्यांना हा छंद करायचाच आहे त्यांनी काय करावं? पावती देणाऱ्याकडूनच, मऊ आणि कमी प्रकाशात तगणारे कोरल घ्या. लाइटवरचं मीठ आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, पण आधी प्लग काढा. वायरला बोर्डाखाली एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल. घरात ईएलसीबी बसवलेला असावा. मोबाइलच्या लक्स अॅपवर विसंबू नका, ते आपल्या डोळ्यांच्या हिशोबाने मोजतं, त्याला निळा प्रकाश कमी दिसतो. आणि लाइट बंद पडला तर कार्टमध्ये नवा टाकण्याआधी गावातल्या रिपेअरवाल्या काकांना दाखवा.

कठीण कोरल बघायचेच असतील तर मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्यात उतरा, बघा, त्यांच्यावर उभे राहू नका. वरून येणारा लाइट तिथे फुकट आहे.

दादाने तो फोटो डिलीट केलाय. 14,000मधले 4,000 बाजूला काढून आम्ही दिवाळीनंतर मालवणला जाणार आहोत. आज्जीला सांगितलं, तर म्हणाली, "मग हौदातलं मीठ कोण बघणार?" ती ड्यूटी आता तिचीच.