साहेब बदलला, पुढे काय?

रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीत 2025 साली खांदेपालट झाला. लुका दे मेओ गेले, फ्रान्स्वा प्रोव्हो आले. भारताचा कारभार सप्टेंबरपासून स्टीफन डेब्लेस यांच्याकडे आला. 'आपल्याला काय त्याचं?' असं म्हणाल. पण मैत्रिणींनो, क्विड, ट्रायबर आपल्याच गल्लीत उभ्या असतात, त्याही हप्त्यावर घेतलेल्या. आणि कंपनी इथे राहणार की जाणार, हे ठरतं पॅरिसात.

आम्हा परळकरांना मालकांच्या आश्वासनांचं अप्रूप नाही. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली आणि बायकांनी पोळीभाजीचे डबे करून घरं चालवली. मोटारींतही तसंच. नव्वदच्या दशकात प्यूजोने प्रीमियरच्या भागीदारीत कल्याणला 309 गाडी काढली आणि काही वर्षांतच काढता पाय घेतला. रेनॉने महिंद्राबरोबर नाशिकला लोगान बनवली, 2007 मध्ये बाजारात आणली. 2010 मध्ये भागीदारी मोडली. महिंद्राने तीच गाडी पुढे व्हेरिटो नावाने चालू ठेवली म्हणून बरं, नाहीतर सुटे भाग शोधत हिंडावं लागलं असतं!

यावेळी मात्र मला थोडी आशा वाटते. 2025 मध्येच रेनॉने चेन्नईच्या कारखान्यातला निस्सानचा 51 टक्के हिस्सा घेतला. भाड्याचं घर सोडणं सोपं, स्वतःच्या नावावरचं नाही. तरी नव्या साहेबांची परीक्षा मुंबईच्या शोरूममध्ये नाही, तालुक्याच्या गावी व्हायची. तिथं सर्व्हिस सेंटर आहे का, भाग किती दिवसांत मिळतो, हे बुकिंगआधी आपणच विचारायचं. घरातले पुरुष रंग आणि मायलेजच विचारत बसतात.