उमेदवाराला विचारायचा एक प्रश्न



गाळप हंगाम आटोपला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या, गव्हाण थंड पडली. खरिपाच्या पेरण्याही उरकल्या, सोयाबीन रानात डोलू लागले. आता दोन गोष्टी तोंडावर आहेत. एक आपली वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि तिच्या पाठोपाठ संचालक मंडळाची निवडणूक. पारावर, चहाच्या हॉटेलात, गट ऑफिसच्या ओट्यावर बोलणे सुरू झालेच आहे. कोण उभा राहणार, कोणाचे पॅनेल, कोणत्या गटात किती मते. अमका लई कर्तबगार, तमका लई दांडगा. पण कर्तबगार म्हणजे नेमके काय, हे कोणी कोणाला विचारत नाही. म्हणून या अंकात आम्ही थोडे बोलणार आहोत. आवडले तर घ्या, नाही आवडले तर सभेत उठून बोला. सभा त्यासाठीच असते.

आम्ही या धंद्यात चाळीस वर्षे काढली. १९८४ साली एका कारखान्यात चिटबॉय म्हणून लागलो. पगार किती ते सांगत नाही, आजची पोरे हसतील. सायकलला पिशवी अडकवायची, फडाफडातून हिंडायचे, लागणीच्या नोंदी तपासायच्या, तोडीच्या चिठ्ठ्या वाटायच्या. पुढे शेतकी मदतनीस, मग गटप्रमुख, शेवटी शेतकी अधिकारी होऊन निवृत्त झालो. तीन कारखाने पाहिले, डझनभर चेअरमन पाहिले. काही मोठे झाले, काही नुसतेच जाड झाले. एवढे पाहून आम्ही एकच गोष्ट शिकलो. आपल्याला काय येते हे तर कोणीही सांगतो, पण काय येत नाही हे ज्याला ठाऊक असते तोच पुढे माणसे चालवू शकतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. स्वतःची फजिती होऊन शिकलो. ती आधी सांगतो, म्हणजे उपदेश करायला आम्ही मोकळे.

आम्ही गटप्रमुख होतो तेव्हाची गोष्ट. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. त्या वर्षी एका मोठ्या बागायतदाराचा निरोप आला, 'आमच्या फडात टोळी आधी घाला.' माणूस वजनाचा, वरपर्यंत ओळखीचा. आम्ही टोळी तिकडे वळवली. ज्याची पाळी डावलली तो तीस गुंठ्यांचा धनी, वयाने आमच्या वडिलांसारखा. सगळे गाव त्याला मामा म्हणे, आम्हीही म्हणायचो. मामा गट ऑफिसात तीन वेळा आले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "सायब, माझ्या उसाला तुरा आला. आता उभा ऊस पोकळ व्हायलाय. अजून किती दिवस?" आम्ही म्हणालो, "मामा, चार दिवसांत टोळी देतो." ते चार दिवस बावीस दिवसांनी उगवले.

पुढे सर्वसाधारण सभा भरली. मामा उठले. कधी न बोलणारा माणूस, हातात कागद नाही, आवाजही मोठा नाही. म्हणाले, "लागण माझी आधीची, तोड मात्र मागून. नोंदवहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा." चेअरमनांनी आमच्याकडे पाहिले. वही आमच्या मांडीवरच होती. आम्ही ती उघडली नाही. "नियमाप्रमाणेच झाले आहे," असे सांगून खाली बसलो. सभेने टाळ्या वाजवून विषय मंजूर केला.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मामांच्या वस्तीवर गेलो, बाजेवर बसलो आणि झाले ते सांगून टाकले. मामा रागावले नाहीत. चहा पाजला आणि म्हणाले, "सायब, तुमाला 'नाही' म्हणता येत नव्हतं, एवढंच ना? मग तेवढं शिका. बाकी सगळं येतंय तुमाला."

बंधूंनो, आम्हाला उसाच्या जाती तोंडपाठ होत्या, फड बघून टनेज सांगत होतो. 'नाही' म्हणणे मात्र येत नव्हते, आणि ते येत नाही हेच आम्हाला माहीत नव्हते. पुढच्या हंगामापासून आम्ही एक केले. सगळ्या गटाचा तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखांसह ऑफिसच्या भिंतीवर लावला. मोठ्या माणसाचा निरोप आला की भिंतीकडे बोट दाखवायचे. यादी चारचौघांसमोर लागली की 'नाही' म्हणायचे निम्मे काम भिंतच करते.

आता थोरांची गोष्ट पाहू. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. कालव्याच्या पट्ट्यात ऊस पिकवायचा शेतकऱ्याने आणि भाव ठरवायचा खासगी कारखान्याने, असा तो काळ. विखे पाटलांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. पण गावोगाव फिरून, घरोघर बसून त्यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभे केले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्याच्या थोडेच आधी, १७ सप्टेंबर १९४८ ला, आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला होता. आपल्याकडे सहकाराची साखर अजून लांब होती.

या गोष्टीत लक्षात ठेवण्याजोगे काय, तर कारखान्याचा पहिला चेअरमन कोण झाला ते. पैसा ज्याने गोळा केला, पायपीट ज्याने केली, त्याने खुर्ची घेतली नाही. ती दिली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांना. विखे पाटील व्हाईस चेअरमन झाले. पहिली जवळजवळ दहा वर्षे गाडगीळ चेअरमन होते, आणि त्यानंतर विखे पाटील त्या खुर्चीत बसले.

आज कोणी असे करील का, मनाला विचारून पाहा. शेतकऱ्याचा विश्वास कसा मिळवायचा, हे विखे पाटलांना येत होते. मोठ्या उद्योगाचा हिशेब, सरकार आणि बँकांशी बोलणी, भांडवलाची मांडणी, यात गाडगीळांचा हात धरणारा कोणी नव्हता. विखे पाटलांनी तो माणूस आणून वर बसवला आणि स्वतः शेजारी बसून काम पाहिले. खुर्ची दिली, पण डोळा काढून घेतला नाही. दहा वर्षे शेजारी बसणे म्हणजे शिकणेच. शाळा सुटली तरी माणसाचे शिक्षण सुटत नाही, याचा याहून मोठा दाखला आम्हाला सापडत नाही.

आपल्या नांदेड-लातुराकडेही पाहा. शंकरराव चव्हाण पुढे दोनदा राज्याचे मुख्यमंत्री झाले, दिल्लीत गृहमंत्री झाले, पण सुरुवात नांदेडच्या नगराध्यक्षपदापासून झाली. शिस्तीमुळे लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. आवडीने म्हणत की वैतागून, ते ज्याचे त्याने ठरवावे, पण हेडमास्तराला 'नाही' म्हणता येते हे नक्की. विलासराव देशमुखांनी बाभळगावच्या सरपंचपदापासून सुरुवात केली आणि लातूरला मांजरा कारखाना उभा केला. त्यांचे राजकारण कोणाला पटो न पटो, तो आमचा विषय नाही. दोघेही खालच्या पायरीवर काम करून वर गेले, एवढेच घ्यायचे. नळाला पाणी का आले नाही, हे ज्याला चौकात उभे राहून सांगावे लागले, त्याला पुढे मोठ्या सभेत बोलताना जड जात नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या आणि पाणी होते सुमारे पाच लाख लिटर. स्टेशनवर त्या गाडीच्या स्वागताला माणसे जमली होती. त्या उन्हाळ्यात सगळ्या देशाने आपल्या उसाकडे बोट दाखवले. बोट दाखवणाऱ्यांनी आपले कष्ट पाहिले नाहीत, हे खरे. ज्वारी-हरभऱ्याला हमखास गिऱ्हाईक नाही आणि उसाला आहे, म्हणून माणूस उसाकडे जातो, हेही खरे. पण त्याच्याही आधी, पाऊसकाळ बरा होता तेव्हा, "मोकाट पाणी सोडू नका, ठिबक करा, पाणी बघून लागण करा," असे सभेत ठणकावून सांगणारे आपल्यात किती निघाले? ज्याने सांगितले त्याला आपण टाळ्या दिल्या की मते? आम्ही स्वतः गटप्रमुख असताना लागणीचे आकडे फुगवण्यातच धन्यता मानली. तेही आम्हाला येत नव्हते, आणि त्याची किंमत घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आयाबायांनी मोजली.

आता कारखान्याच्या व्यवहाराकडे या. अहवाल घरी येतो. आपण फोटो पाहतो, चेअरमनांचे मनोगत वाचतो आणि बाकीचे कपाटावर टाकतो. निदान उताऱ्याचा आकडा तरी पाहा. रोज ३,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर दिवसाला १५ टन, म्हणजे १५० क्विंटल साखर कमी पडते. हंगाम शंभर दिवसांचा धरला तर १५,००० क्विंटल. आपली एफआरपी उताऱ्यावरच बांधलेली आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरवले आणि महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. तेव्हा तुटलेला ऊस दोन दिवस वाटेत वाळला, की पाळी डावलून कोवळा ऊस गव्हाणीत आला, की त्याचे पैसे तुमच्या-आमच्या खिशातून जातात. मामांचे तीस गुंठे एकट्या मामांचे नव्हते, ते असे.

उताऱ्याबरोबर साखरेच्या शिलकीवर बँकेचे मालतारण किती, वर्षाचे व्याज किती, टनामागे तोडणी-वाहतुकीला किती गेले, हेही पाहा. एवढे चार आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी लिहून काढले तरी सभेत उभे राहायला पुरे. कळले नाही तर घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला बसवा. सूनबाई बी.कॉम. झालेली असते आणि आपण अहवाल तिच्या हातात देत नाही. मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या जागांवर सही बाईची आणि बोलणे मालकाचे, असे चालत असेल तर तो दोष कायद्याचा नाही, आपला आहे. उसाचे आणि साखरेचे शास्त्र शिकायचे तर मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहेच. वय आडवे येत नाही. आम्ही माती परीक्षणाचा अहवाल वाचायला शिकलो ते पन्नाशीनंतर, आणि तेही आमच्या हाताखालच्या पोराकडून. पहिले दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी वाटले, हे वीस वर्षे आधी का नाही विचारले?

तर सांगायचे ते हे. कोणी मत मागायला ओट्यावर आला की त्याला पाणी द्या, चहा द्या. पाव्हणा असेल तर रामराम घाला. मग एकच प्रश्न विचारा, "भाऊ, तुम्हाला काय येत नाही? आणि ते कोणाकडून शिकणार?"

जो म्हणेल, "मला सगळं येतं," त्याला रामराम करून वाटेला लावा. जो गडबडेल त्याला थोडा वेळ द्या, प्रश्न नवा आहे. आणि जो म्हणेल, "दादा, ताळेबंद मला नीट कळत नाही, पण अमक्याकडे बसून शिकायलोय. आणि जवळच्या माणसाला नाही म्हणायला मला जड जातं, तेवढं तुम्ही मला धरा," त्याचा विचार करा. मग तो कोणत्याही पॅनेलचा असो.

काही जण म्हणतील, असा कच्चा माणूस कारखाना काय चालवणार? त्यांना आमचे सांगणे आहे की कारखाना एकट्याने चालवायचा नसतोच. कार्यकारी संचालक आहे, केमिस्ट आहे, इंजिनिअर आहे, हिशेबनीस आहे. त्यांचे ऐकून घ्यायचे, त्यांना खोदून विचारायचे आणि निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घ्यायची, हे संचालकाचे काम. ज्याला सगळे येते तो ऐकत नाही, आणि जो ऐकत नाही त्याला बिघाड कळतो तो बॉयलर बंद पडल्यावर.

शेवटी एक. हा प्रश्न नुसता उमेदवाराला विचारून भागणार नाही. सहकारात एका सभासदाला एक मत, मग शेअर एक असो की पन्नास. तेव्हा तुम्ही-आम्हीही मालकच आहोत आणि मालकालाही काही गोष्टी येत नसतात. सभेला जाण्याआधी अहवाल उघडा, न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तेवढे विचारा. हसणारे हसतील. मामा त्या दिवशी उठले तेव्हाही चार जण हसले होते.

मामा आज नाहीत. पण सभेत कोणी माईकजवळ उभा राहून "वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा," असे म्हणाला, की आमचा हात अजून आपोआप वहीकडे जातो. या वेळी वही उघडली जाईल, असे पाहू या. सभेत भेटूच.