टाकीतले दुधाळ पाणी

ईदीचे पैसे जमले की बऱ्याच घरांत माशांची टाकी येते. पहिल्या दिवशी पाणी लख्ख असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यात दूध मिसळल्यासारखे दिसू लागते. मग अम्मी सगळे पाणी ओतून देते, अब्बा वाळू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतात. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आठवड्याभरात एखादा मासा उलटा तरंगताना मुलांना दिसतो. असा मासा बहुतेक वेळा गढूळ पाण्याने मरत नाही, आपल्या साफसफाईने मरतो.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि वनस्पतींना खत म्हणून उपयोगी. या जिवाणूंची वस्ती वाळूवर आणि स्पंजवर असते. ती जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि नळाच्या क्लोरीनने ती उद्ध्वस्त होते. दुधाळपणा मात्र वेगळ्या, पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंचा. खाद्य कमी केले की तो बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप निवळतो.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण मुलांना सांगतो. टाकीतला मासाही कोंडलेलाच जीव आहे. पाणी बिघडले तर त्याला दुसरीकडे जायला जागा नाही. म्हणून मासे आणण्याआधी तळ नीट तयार करावा.

रोपे लावायची असतील तर शेणखत किंवा रासायनिक खत न घातलेली साधी बागेची माती घ्या. चाळून मुळ्या, काड्या काढा. तळाशी तिचा दोन-अडीच सेंटीमीटर थर, वर तीन-चार सेंटीमीटर जाड वाळू. वाळू घमेल्यात घेऊन वरचे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आठ-दहा वेळा धुवावी लागली तरी कंटाळू नका. समुद्रावरची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शंका असेल तर मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करतो. संगमरवराचे पांढरे खडेही याच कारणाने टाळावेत, दुकानात कितीही देखणे दिसोत. दुकानातली तयार दाणेदार ‘अ‍ॅक्वासॉइल’ मात्र धुऊ नका, दाणे फुटतात.

पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडा. थेट बादली ओतली तर माती वर येते आणि सगळी मेहनत वाया जाते. भरल्या भरल्या आलेला मातकट रंग ही फक्त धूळ. एक-दोन दिवसांत बसते. चहासारखा पिवळसर रंग लाकडाचा, तो निरुपद्रवी. हिरवे झाले तर दिवा जास्त वेळ चालतो आहे किंवा खिडकीचे ऊन पडते आहे. दिवा सहा ते आठ तास पुरे.

वॅलिसनेरिया, हायग्रोफिला ही रोपे नवशिक्यांनाही साधतात. जावा फर्नचा कंद मातीत पुरू नका, कुजतो. दगडाला दोऱ्याने बांधा.

मासे आधीच आणून झाले असतील तर? खाद्य एक दिवसाआड, चिमूटभर. एक-दोन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला. नवे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलेले असावे, किंवा त्यात क्लोरीन घालवणारे थेंब टाकावेत. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. ते पाणी मोरीत ओतून इस्राफ करू नका, कुंड्यांना घाला. गुलाबाला ते चांगले मानवते.

सुरुवातीला गप्पीच्या दोन जोड्या पुरेत. पिल्ले भराभर होतात. जास्त झाली तर दुकानदाराला विचारा, पण ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. तिथल्या मूळ माशांच्या पोटावर पाय येतो.