भावनेचा ताळेबंद



गेल्या महिन्यात लष्करी कारवाईची मागणी करणारा एका दैनिकातील जळजळीत लेख मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर पाठविला. सर्वांनी वाहवा केली. माझ्या धाकट्या बहिणीने मात्र एकच ओळ लिहिली, "दादा, या लेखातले 'आपण' म्हणजे कोण?" तिचा मुलगा नौदलात आहे.

मी निरुत्तर झालो. आमच्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून कोर्लईचा किल्ला दिसतो. १७४० च्या सुमारास तो पोर्तुगिजांच्या हातून गेला. गोवा मात्र १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. तेथील कारवाईचेच उदाहरण मी तपासावयास घेतले.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून पोर्तुगिजांनी केलेल्या गोळीबारात एक भारतीय मच्छीमार मृत्युमुखी पडला. ही घटना वाचून आजही संताप येतो, आणि तो रास्त आहे. तरीही 'मच्छीमार मारला गेला' आणि 'म्हणून सैन्य पाठवा' या दोन वाक्यांच्या मध्ये काही पायऱ्या असतात. अन्य मार्ग चोखाळून झाले काय? गोव्याच्या बाबतीत याचे उत्तर होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. सालाझार गोवा सोडण्याची चर्चाही करावयास तयार नव्हते. या पायऱ्या दाखविणाऱ्या लेखातील भावनेला आधार असतो. त्या गाळून थेट रक्ताकडे बोट दाखविणारा लेख वाचकाला विचारापूर्वीच सही करावयास लावतो.

विरोधी बाजूही भावनेपासून मुक्त नव्हती. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी या कारवाईतून संयुक्त राष्ट्रसंघाचा अंत ओढवू शकेल, असे भय व्यक्त केले. भय हेही आवाहनच. संघ आजही उभा आहे.

तिसरे आवाहन मानाचे. आपले सैनिक एक तर विजयी होतील किंवा मरतील, शरणागती नाही, असा सालाझार यांचा संदेश होता. लिहिणारा लिस्बनला होता, मरणारे गोव्यात. गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा यांनी तो न पाळता १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास सैनिक कामी आले. आज्ञा पाळली असती तर हा आकडा कुठवर गेला असता?

बँकेत कर्जाच्या अर्जातील करुण कहाणी पुष्कळदा खरी असे. तरी तारण आणि परतफेड पाहिल्यावाचून आम्ही मंजुरी देत नव्हतो. युद्धाची मागणी करणाऱ्या लेखालाही तेच विचारावे : घटना पडताळलेली आहे काय, मधल्या पायऱ्या कोठे आहेत, आणि किंमत कोण देणार?

तो लेख मी पुन्हा वाचला. 'आपण' अकरा वेळा आले होते. सैनिकाचा उल्लेख एकदाही नव्हता. समूहावर मी तेवढेच लिहिले.