आधी माथा धरा, मग नाला



सह्याद्री म्हटलं की महाबळेश्वर, कोयना आठवतं. पण त्याचाच एक फाटा, अजिंठ्याची रांग, पार आपल्या सेनगाव-हिंगोलीकडं आलाय. पूर्णा अन् पैनगंगा याच रांगेत उगम पावतात. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणं त्यांच्यावरच. आपली कयाधू रिसोडकडच्या माळावरून येते.

पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या बोडक्या टेकड्यांना कोण विचारतं? मुरूम उपसणं, गवत पेटवणं चालूच.

हिशोब बघा. एका एकरावर १०० मिमी पाऊस म्हणजे जवळपास ४ लाख लिटर पाणी. उतारावर गवत-झुडपं असली तर त्यातलं बरंच मुरतं, विहिरीला येतं, हरभऱ्याला कामी पडतं. नसली तर माती घेऊन थेट कयाधूत.

म्हणून माझं मत: नाला खोलीकरण नंतर. आधी माथ्यावर समतल चर, गवत अन् दोन पावसाळे चराईबंदी. शेळ्यावाल्यांना तेवढे दिवस गवत कापून न्यायची मुभा द्या, नाहीतर बंदी टिकणार नाही. माथा उघडा ठेवून खोदलेला नाला गाळानंच भरणार.

तुमच्या शिवारात काय परिस्थिती हाय? सांगा.