नंबर कुठून मिळाला?

दुपारी तीनची मीटिंग, प्रेझेंटेशन अर्धवट, आणि नेमका तेव्हाच फोन. पलीकडची व्यक्ती हिंदीत सांगते की तुमच्या गाडीची पॉलिसी पुढच्या आठवड्यात संपतेय, रिन्यू करून टाकू या. गाडीचं मॉडेल बरोबर. नंबर बरोबर, एमएच ११ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत. गेल्या वर्षीचा प्रीमियमसुद्धा बरोबर! फक्त कंपनीचं नाव तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकताय. तुम्ही विचारता, "नंबर कुठून मिळाला?" उत्तर ठरलेलं असतं. "सिस्टम में है, सर."

ही सिस्टम नक्की कुणाची, हा आजचा विषय.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांची गाडी गावाकडची असते. एमएच ११ म्हणजे सातारा, एमएच ५० कराड, एमएच १० सांगली. बाबांच्या ओळखीचं शोरूम, पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त, गाडीला हार, पेढे, चावी हातात घेऊन फोटो. पुण्यात एखाद्या शोरूमने आपला नंबर कुणाला दिला, तर आपण दोन शिव्या घालून ब्लॉक करतो आणि विसरतो. साताऱ्या-सांगलीत तसं नसतं. शोरूमचा मालक लग्नकार्यात भेटतो, बाबा त्याला तिथेच गाठून विचारतात, "काय हो, आमचा नंबर बाजारात विकायला काढला का?" बिचाऱ्या मालकाला बऱ्याचदा खरंच माहीत नसतं की नंबर गेला कुठून.

त्याला माहीत नसणं, हीच तर खरी गोची आहे.

जरा आठवून बघा, गाडी बुक करताना तुम्ही काय काय दिलंत? आधार, पॅन, फोटो, मोबाईल, ईमेल, लोन असेल तर सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट. आता हे सगळं एका फाईलमध्ये बसून राहत नाही. शोरूमच्या सॉफ्टवेअरमधून ते गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे जातं. फॉलोअपचं सॉफ्टवेअर पुरवणारा वेगळा, व्हॉट्सअ‍ॅपवर सर्व्हिसिंगचे मेसेज पाठवणारा वेगळा, 'आमची सेवा कशी वाटली' विचारणारं कॉल सेंटर वेगळं. शिवाय लोनचा एजंट, इन्शुरन्सचा ब्रोकर, आरटीओची कामं करणारा माणूस. गाडी एकच, पण तुमची माहिती सात-आठ ठिकाणी पार्क झालेली!

यातले बहुतेक जण डीलरचे व्हेंडर. म्हणजे डीलरकडून पैसे घेऊन काम करणारे. पण काम करता करता त्यांच्याकडे जी यादी जमते, ती काम संपल्यावर परत कोण मागतं? व्हेंडर बदलला की जुन्याचा पासवर्ड बंद होतो, आणि त्याच्या लॅपटॉपमधली एक्सेल शीट तशीच राहते. मग ती शीट दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला येते. त्यासाठी हॅकर-बिकर लागत नाही. एक पेनड्राइव्ह पुरतो.

डीलरला याचं एवढं काय, असं वाटेल. तर त्याचं पोट यावर आहे. नवीन गाडीवरचं मार्जिन पातळ, त्यात डिस्काउंट मागण्यात आपण सातारकर कुणाला ऐकत नाही. खरी कमाई नंतरची. सर्व्हिसिंग, पार्ट्स, एक्स्चेंज आणि दर वर्षीचं इन्शुरन्स रिन्यूअल. विमा नियामकाच्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून डीलर हा अधिकृत 'मोटर इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर' होऊ शकतो, म्हणजे पॉलिसी विकणं हा त्याचा रीतसर धंदा आहे. समजा एखाद्याच्या यादीत दहा हजार गाड्या आहेत. त्यातल्या हजार मालकांना त्याच्याआधी दुसऱ्याच कुणाचा फोन गेला, तर हजार रिन्यूअल गेली. पॉलिसी बाहेरून घेतली की अपघातानंतर गाडीही बाहेरच्याच गॅरेजला जाण्याची शक्यता वाढते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याला विचारा, तुझी खतावणी शेजारच्या पेढीवर दोन दिवस ठेवायला देशील का? तो तुम्हाला चहासुद्धा पाजणार नाही. कुठल्या गावचा कोण शेतकरी, किती माल आणतो, किती उचल घेतो, हे त्या वहीत असतं. डीलरची यादी ही तशीच खतावणी. फरक एवढाच की ती कपाटात कुलूपबंद नाही, दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे.

मग ठेवावी की कपाटात? हे सांगलीकरांना सांगायला जाऊ नका. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कागद भिजतो, सर्व्हर भिजत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर नको, व्हेंडर नको, असं म्हणून भागणार नाही. प्रश्न आहे तो अटींचा.

आणि व्हेंडरकडून गडबड होते ती काही छोट्यांचीच नाही. टोयोटा किर्लोस्कर मोटरने १ जानेवारी २०२३ ला जाहीर केलं की, त्यांच्या एका सर्व्हिस प्रोव्हायडरकडे घडलेल्या प्रकारामुळे काही ग्राहकांची वैयक्तिक माहिती इंटरनेटवर उघडी पडली असण्याची शक्यता आहे. कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला, पण नावातलं 'किर्लोस्कर' आपल्या पलूस तालुक्यातलं. १९१० साली लक्ष्मणरावांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीचं. एवढ्या मोठ्या नावाला व्हेंडरच्या चुकीसाठी ग्राहकांसमोर यावं लागतं, तर आपल्या हायवेवरच्या शोरूमची काय कथा!

बरं, सरकार तरी साव होतं का? मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन नोंदणीचा डेटा घाऊक विकण्याचं धोरणच आणलं. त्या आर्थिक वर्षासाठी व्यावसायिक कंपन्यांना दर होता ३ कोटी रुपये. जुलै २०१९ मध्ये नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं की, 'वाहन' आणि 'सारथी' या डेटाबेसचा अ‍ॅक्सेस ८७ खाजगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना दिला असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले. खाजगीपणाच्या मुद्द्यावर ओरड झाली आणि जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं. म्हणजे प्रत्येक फोनचं खापर डीलरच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही.

आता कायदा. यादी चोरली तर काही करता येतं का? येतं. १९९५ मध्ये दिल्ली हायकोर्टासमोर बर्लिंग्टन होम शॉपिंग नावाच्या, टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण आलं. तिचा माजी कर्मचारी ग्राहकांची यादी घेऊन स्वतःचा धंदा करत होता. कोर्टाने त्याला मनाई केली. कष्ट करून जमवलेली पत्त्यांची यादी ही कॉपीराइटच्या कायद्यात बसते, असं म्हटलं. पुढे २००० चा आयटी अ‍ॅक्ट आला. त्याच्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमधला डेटा कॉपी करणाऱ्याकडून भरपाई मागता येते. पण आपल्याकडे खटला लढायला आधी माहीत तरी हवं, यादी गेली कुणाच्या हातून!

अमेरिकेत डीलर यापुढे गेले. तिथे शोरूमचं सॉफ्टवेअर दोन बड्या कंपन्यांच्या हातात एकवटलंय. सीडीके ग्लोबल आणि रेनॉल्ड्स अँड रेनॉल्ड्स. डीलरला स्वतःचाच डेटा दुसऱ्या व्हेंडरला द्यायचा असेल, तर या कंपन्या अडवतात किंवा फी लावतात, अशी डीलरांची तक्रार. २०१९ मध्ये अ‍ॅरिझोना राज्याने कायदाच केला: डीलरने परवानगी दिली असेल तर सॉफ्टवेअर कंपनीने मध्ये यायचं नाही, वरून फी मागायची नाही. दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपील कोर्टाने कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला. मग जून २०२४ मध्ये सीडीकेवर सायबर हल्ला झाला. अमेरिका-कॅनडातले सुमारे १५,००० डीलर या सिस्टमवर होते. कित्येक शोरूम्स दिवसेंदिवस कागद-पेनावर आली. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवल्यावर दुसरं काय होणार?

आपल्याकडचा नवा कायदा मात्र एका जागी डीलरलाच चिमटा काढतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत त्यात ठेवली आहे. हा कायदा माहिती गोळा करणाऱ्याला 'मालक' म्हणतच नाही. त्याचा शब्द आहे 'फिड्युशिअरी'. साध्या मराठीत विश्वस्त. गिऱ्हाईक विश्वासाने देतं, आपण सांभाळायचं. व्हेंडर हा त्याच्या वतीने काम करणारा 'प्रोसेसर'. त्याला करार केल्याशिवाय नेमायचं नाही. आणि व्हेंडरने घोळ घातला तरी उत्तर द्यायचं विश्वस्ताने. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

म्हणजे 'यादी माझी आहे' असं छातीठोक सांगणाऱ्या डीलरला कायदा म्हणतो, तुझी नाही रे बाबा, पण जबाबदारी मात्र तुझी! मला यात डीलरचं नुकसान दिसत नाही. उलट आजवर व्हेंडरशी हुज्जत घालायला त्याच्याकडे फक्त मोठा आवाज होता. आता कायद्याचा आधार आहे.

त्यासाठी आयटी डिपार्टमेंट लागत नाही. सही करण्यापूर्वी चार प्रश्न पुरतात. तुला नक्की कुठली माहिती लागते? सर्व्हिसिंगचा मेसेज पाठवायला पॅन कार्ड कशाला? तुझ्याकडून ती पुढे कुणाला जाते? करार संपला की पुसून टाकल्याचं लेखी देणार का? आणि गडबड झाली तर मला किती तासांत कळवणार? जो व्हेंडर या प्रश्नांवर अडखळतो, त्याला चहा पाजून परत पाठवावं. सोबत घरातलीही साफसफाई: चौघांत मिळून एकच पासवर्ड बंद, नोकरी सोडलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद.

आणि आपण? आपल्याही हातात हा कायदा एक हत्यार देतो. माझी माहिती तुमच्याकडे काय आहे आणि ती कुणाकुणाला दिलीत, हे विचारण्याचा हक्क. काम संपलं असेल तर ती पुसून टाका म्हणण्याचाही. पण तोवर थांबायची गरज नाही. येत्या दसऱ्याला कुणाच्या घरी गाडी येणार असेल, तर एक्सटेंडेड वॉरंटीवर घासाघीस करताना दोन मिनिटं फॉर्मही वाचा. तिथे बारीक अक्षरात, आधीच टिक केलेला एक चौकोन असतो: 'आमच्या सहयोगी संस्थांकडून ऑफर्स स्वीकारण्यास माझी संमती आहे.'

ती टिक खोडायला सांगा. काका जरा बघतील तुमच्याकडे, बघू द्या. आणि शोरूमवाल्याने न कुरकुरता खोडली, तर पुढच्या वर्षी पॉलिसी त्याच्याकडूनच घ्या. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.